शेऱ्याचा रकाना

लॅपटॉपचं झाकण उघडलं तेव्हा आधी काहीच वेगळं वाटलं नाही. मंगळवार, सकाळचे साडेदहा, बाहेर कुणीतरी जिन्याच्या कठड्याला रंग देत होतं आणि त्या रंगाचा वास आमच्या खोलीत येऊन बसला होता. पासवर्ड मागायच्या आधी पडद्यावर एक ओळ आली, की काल यंत्राने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि त्यासाठी ते आपलं आपण बंद होऊन पुन्हा चालू झालं. म्हटलं, होऊ दे बापडं. माझ्यापेक्षा तरी बरं, मला कुणी अपडेट करायला तयार नाही. मी नकाशाची फाईल उघडली. रस्ते आले, इमारती आल्या, जलवाहिन्यांच्या जांभळ्या रेघा आल्या. डावीकडच्या यादीत थरांची नावं आली आणि सगळ्यांत वर मीच लिहिलेलं नाव, 'बाबांचे व्हॉल्व्ह'. नावाशेजारी निळा ठिपका, मीच निवडलेला, चार दिवस वेगवेगळे निळे रंग लावून बघितल्यावर. नकाशावर मात्र निळा ठिपका एकही नव्हता. मी नकाशा मोठा केला, लहान केला, थर मिटवून पुन्हा दाखवला. मग तक्ता उघडला. रकाने जागच्या जागी होते. क्रमांक, जागा, व्यास, किती फेरे, शेरा. त्यांच्याखाली पांढरं. कोपऱ्यात लिहिलं होतं, एकूण नोंदी शून्य.

असं काही समोर आलं की माणूस काहीतरी अगदी फालतू करतो. मी पेन्सिलीला टोक केलं. तीस वर्षं आरेखक म्हणून या खात्यात काढली, टेबलावर आता नकाशाचा कागद येत नाही, पण पेन्सिलीला टोक केल्याशिवाय मला विचार सुचत नाही. मग मास्तरांना हाक मारली. मास्तर म्हणजे आमच्या पाणीखात्यातले जुने टंकलेखक. टाइपरायटर गेले तेव्हा त्यांनी रडत न बसता कॉम्प्युटर शिकून घेतला, आणि तेव्हापासून सगळं खातं त्यांना मास्तर म्हणतं. ते आले, माझ्या खुर्चीमागे वाकून उभे राहिले, आणि थराच्या नावाला चिकटलेल्या एका बारीक चौकोनी खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. "ही काय आहे?" मी म्हटलं, "असेल शोभेची." मास्तरांना वाईट बातमी सांगायचा सराव नाही. "तो थर तात्पुरता आहे ही त्याची खूण. हा थर नुसता यंत्राच्या स्मरणात असतो, कुठे लिहिलेला नसतो. यंत्र बंद झालं की गेला." मी म्हटलं, "पण मी रोज सेव्ह करत होते. दिवसातून दहादा करत होते." ते म्हणाले, "नकाशा सेव्ह होत होता. रंग, नावं, रकाने, सगळं. आतला माल सोडून."

गेले साडेतीन महिने मी काम संपलं की फक्त झाकण मिटत होते. बंद केलं की सगळं पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, आणि त्या सॉफ्टवेअरला मी मनातून भीत होते, झोपलेल्या सासूला उठवू नये तसं ते निजलेलं बरं वाटायचं. कधी बंद केलं असतं तर त्याने विचारलं असतं, अमुक एक थर तात्पुरता आहे, टाकून देऊ का? मास्तर म्हणाले तसं विचारतं ते. पण मला विचारायची त्याला संधीच मिळाली नाही. "वहीत काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. नव्हतं लिहिलं. पहिल्या रविवारी मी वही घेऊन गेले होते आणि पानभर लिहिलंही होतं, पण मास्तरांनीच सांगितलं होतं की दुप्पट काम कशाला, सरळ नकाशावर टाका. ते पान मी कधीच फाडून टाकलं. बाबा म्हणाले होते, "वहीतही ठेव गं थोडं." मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "बाबा, आता वह्या कोणी वाचत नाही."

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर मी उगाच एका ठिपक्यासाठी छाती बडवतेय असं वाटेल. आमच्या खात्याचे जुने नकाशे तळघरात होते. दोन वर्षांपूर्वी तळघराच्या भिंतीतली वाहिनी फुटली आणि पाणीखात्याचे नकाशे पाण्यानेच गेले. आम्ही त्यांचा लगदा फावड्याने काढला. त्यात माझ्या हातच्या रेघा होत्या, वीस-बावीस वर्षांच्या. त्यावर सगळे हसले, मीही हसले, काय करणार. वाहिन्या कुठून जातात ते दुसऱ्या कागदांवरून जुळवता आलं, पण व्हॉल्व्ह कुठे आहेत ते कुठेच नव्हतं. रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढले, व्हॉल्व्हची झाकणं खाली गाडली गेली. कुठे वाहिनी फुटली तर पाणी बंद कुठून करायचं हे कुणाला सांगता येईना. पूर्वेकडच्या भागात तर अजिबातच नाही. त्या भागाचं पाणी चाळीस वर्षं एकाच माणसाने सोडलं आणि बंद केलं होतं, आणि ते माझे वडील. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन ते सायकलवरून फिरत. सगळा भाग त्यांना चावीवाले म्हणून ओळखायचा. शाळेत मीही चावीवाल्यांची मुलगी होते आणि मला त्याची लाज वाटायची. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, नकाशा वेबवर टाकायचा, कुणाही कामगाराला रस्त्यात उभं राहून फोनवर दिसला पाहिजे, आणि पूर्व भाग तुमच्याकडे, कारण माहिती तुमच्या घरात बसलेली आहे. बसलेली होती खरी, पण निघायच्या तयारीत. बाबांना विसरायला होऊ लागलं होतं. चष्मा, औषध, काल जेवलो का, असं. डॉक्टर म्हणाले होते, जुनं सगळ्यात शेवटी जातं. तेवढ्यात उरकायचं होतं.

मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. दोन बस बदलून सव्वा तास लागतो. त्याआधी मी बाबांकडे महिन्यातून एकदा जायची, कधी तेही नाही. त्यांच्याकडे दिवसभर एक मावशी असतात, त्या सगळं नीट बघतात, पैसे मी वेळेवर देते, त्यामुळे माझ्या मनाला टोचणी नव्हती. टोचणी नव्हती हेच खरं तर टोचायला हवं होतं. आई गेल्यापासून आमच्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते म्हणायचे, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "बरी आहे. तुम्ही?" ते म्हणायचे, "मला काय धाड भरलीय." मग चहा. मग बस. आता मात्र मी दर रविवारी दहाला लॅपटॉप घेऊन हजर व्हायला लागले, आणि बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. जणू साहेब तपासणीला येणार आहेत.

त्यांच्याकडे जागा होत्या त्या पावलांत. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीपासून अकरा पावलं, मग डाव्या हाताला तीन. पोस्टाच्या कोपऱ्यापासून बावीस. दुकान गेलं असलं तरी इमारत होती, ती मी हवाई चित्रावर शोधायची आणि तिथून मोजायची. पावलाचं माप हवं होतं म्हणून पहिल्याच रविवारी मी टेप धरला आणि बाबांना खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. एका पावलाला सव्वा फूट आलं. मी त्या हिशोबाने बारा व्हॉल्व्ह बसवले आणि कामगारांना बघायला पाठवलं. एकही सापडला नाही. सगळे अलीकडे पडले होते, दुकानांच्या ओट्यांत, लोकांच्या जिन्यांत. सॉफ्टवेअरला दोन दिवस शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की मी मोजलं ते ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं पाऊल होतं, आणि व्हॉल्व्ह मोजले होते ते पस्तीस वर्षांच्या माणसाने, खांद्यावर चावी घेऊन. मग टाकीच्या दारापासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचं अंतर प्रत्यक्ष मोजलं, तो एक सर्वांना माहीत होता. बाबांच्या हिशोबाने वीस पावलं. टेपवर अठ्ठेचाळीस फूट. म्हणजे पाऊल दोन फूट पाच इंचांना थोडं कमी. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "एवढं होतं होय?" पुढे बाराच्या बारा व्हॉल्व्ह सापडले. एका झाकणावर तर कामगारांनी पहार मारली आणि ते पहिल्याच ठोक्याला वाजलं. त्या दिवशी मी खात्यात ताठ मानेने फिरले.

चौथ्या रविवारनंतर मी हौसेने झालेले त्रेचाळीस व्हॉल्व्ह चाचणी म्हणून वेबवर टाकून बघितले. ते त्रेचाळीसही समुद्रात पडले. कुठल्या भलत्या समुद्रात, जिथे आमच्या खात्याची काय, कुणाचीच वाहिनी नाही. आमचं सॉफ्टवेअर जागेच्या दोन आकड्यांतला आडवा आधी मागतं आणि वेबवरचं उभा आधी, एवढाच घोळ. बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की मावशींनी धावत येऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, समुद्राचं पाणी कोण बंद करणार?" म्हणाले. त्यांना असं हसताना मी किती वर्षांनी ऐकलं त्याचा हिशोब लागला नाही. ती चाचणी मी तशीच वेबवर सोडून दिली. पुढचं काम मोठं होतं. बाबा म्हणाले होते, अजून आहेत.

आज मास्तरांनी ती चाचणी शोधून काढली. "तुमचे त्रेचाळीस अजून समुद्रात तरंगतायत," म्हणाले, आणि दोन मिनिटांत दोन रकाने उलटसुलट करून त्यांनी सगळे बाहेर काढले. निळे ठिपके पूर्वेच्या रस्त्यांवर जाऊन बसले. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. पण मी एकशे अठरा नोंदी केल्या होत्या. पंचाहत्तर गेल्या होत्या, आणि त्या दहा रविवारांच्या होत्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी दारातच अडवून आठवण केली की शुक्रवारपर्यंत एक पानभर टिपण हवंय, नवीन सॉफ्टवेअरवर काम करताना मिळालेले धडे, दुसऱ्या विभागांना उपयोगी पडतील. मी हो म्हटलं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायचं विसरून बस पकडली.

बसमध्ये मी ते टिपण मनात लिहू लागले, कारण दुसरं काही मनात आलं असतं तर लोकांत रडू आलं असतं. पहिला धडा, ज्याला तुम्ही सेव्ह करणं म्हणता ते सेव्ह करणं नसतं. दुसरा धडा, या नकाशाला कागद नाही म्हणून कडाही नाही, कुठे थांबायचं ते तो सांगत नाही. तिसरा, शेऱ्याचा रकाना. रकाना करताना सॉफ्टवेअर विचारतं, किती अक्षरं? मी ऐंशी लिहिलं. आरेखकाला शेरा म्हणजे 'झाकण खचले आहे', 'चावी जड फिरते', यापलीकडे काय लागतं? ऐंशी डोक्यावरून पाणी. मला कुठे माहीत की ते काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं सुटं मोजतं. ऐंशीचे जेमतेम पन्नास होतात, आणि पन्नास झाले की ते गप्प बसतं, तुम्ही टाइप करत राहिलात तरी ढिम्म. आणि बाबा तर पाचव्या-सहाव्या रविवारपासून फार बोलायला लागले होते.

आधीचे त्रेचाळीस व्हॉल्व्ह त्यांनी कसे सांगितले होते, खटाखट. जागा, फेरे, पुढे चला. पुढचे सांगताना ते रेंगाळायचे. मला आठवायला लागलं. तुझ्या शाळेचं मागचं दार, डाव्या खांबापासून चार पावलं, चावीचे नऊ फेरे. मी लिहिलं. मग ते म्हणाले, "इथे दुपारी दीडला मी येऊन उभा राहायचो. शाळा सुटायला वेळ असायचा. चावी भिंतीला टेकवून ठेवायचो आणि..." मी टाइप करत होते, 'येथे मी रोज दुपारी दीडला येऊन उभा असे. शाळा सुटायला वेळ असायचा. चावी भिंतीला टेक' आणि रकाना संपला. मी म्हटलं, "बाबा, शेरा छोटा ठेवा." ते म्हणाले, "बरं." पुढचा परीक्षेच्या हॉलसमोरचा, कठड्यापासून सहा पावलं. तिथेही काहीतरी होतं, मी आत पेपर लिहीत होते आणि ते बाहेर. काय होतं? हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतला एक होता, मी जन्मले तिथला. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी ज्या बसथांब्यावर उतरले तिथला एक. त्यात एवढं ऐकलं होतं की ते सायकलवरून बसच्या मागे मागे आले होते. मी तेव्हा म्हटलं होतं, "बाबा, व्यास किती?" व्यास मला आता आठवत नाही. मागे मागे का आले होते ते मी विचारलंच नाही. पंचाहत्तर जागांपैकी सात-आठ आठवल्या, बाकीच्यांचा मागमूस नाही, आणि ज्या आठवल्या त्यांचाही शेवट मी तोडून टाकलेला. माझ्या शेजारच्या बाईने मला रुमाल दिला तेव्हा कळलं की लोकांत रडू यायचं राहिलं नव्हतं.

नवव्या रविवारनंतर कामगार पुन्हा गेले होते, नव्या व्हॉल्व्हपैकी तीन बघायला. लोखंड ओळखायचं यंत्र घेऊन गेले, दोन ठिकाणी खणलंही, काही मिळालं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं पुन्हा पावलाचा घोटाळा, उतारवयात मोजलेले असतील, पाऊल आखूड झालं असेल. रविवारी गेल्या गेल्या मी त्यांना बोलले. "बाबा, नीट आठवून सांगा. लोक उन्हात खणतायत. माझी शोभा होते." बाबा गुडघा चोळत राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मग म्हणाले, "हो, आठवून सांगतो." त्या दिवशी त्यांनी आठ सांगितले. आणि मी एकेका जागेला दोनदा, तीनदा विचारलं, नक्की ना? नक्की ना? पोलीस ठाण्यात विचारतात तसं.

बस थांबली तेव्हा मी ठरवलं होतं की आज पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आज शेऱ्याला मर्यादा नाही. ते बोलतील तेवढं लिहायचं, संध्याकाळ झाली तरी. वही घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानातून, दोनशे पानी.

मावशींनी दार उघडलं. मंगळवारी मला बघून त्या चपापल्या. "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं जरा." त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "आज सकाळपासून जरा वेगळंच आहे हो. मला दोनदा सिस्टर म्हणाले. जेवलेत मात्र नीट." बाबा खिडकीजवळच होते, पण दाढी वाढलेली, अंगात घरातला सदरा. रविवार नव्हता ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, आणि खुर्चीचे हात धरून अर्धवट उठायला लागले.

"या, या. खात्यातून आलात का? बसा बाई."

मी काही बोलणार तेवढ्यात मावशींनी मागून माझ्या कोपराला हलकेच हात लावला. दुरुस्त केलं की ते घाबरतात, हे त्यांनी मला मागेच सांगितलं होतं. मी स्टूल ओढून बसले. जिथे मी दर रविवारी बसते तिथेच. मी म्हटलं, "हो, खात्यातून."

"माझी मुलगी पण तुमच्याकडेच आहे. नकाशे काढते. ओळखत असाल."

"ओळखते."

"हात फार सफाईदार आहे तिचा. लहानपणी रेघ मारायची तर पट्टी लागायची नाही." ते थोडं पुढे झुकले. "बरं झालं तुम्ही आलात. तुमच्याशी एक बोलायचंय. पण तिला कळता कामा नये."

मी मान हलवली.

"पूर्वेला व्हॉल्व्ह त्रेचाळीस आहेत," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून त्रेचाळीस. मी तिला सगळे सांगितले, एकही चुकला नाही. चौथ्या रविवारी संपले. मी मनात मोजत होतो ना. बेचाळीस झाले तेव्हा वाटलं, आता एकच राहिला. त्रेचाळिसावा सांगितला तर तिने विचारलं, संपले का? तिचा हात पिशवीकडे गेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, अजून आहेत की." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी रागावते का ते बघावं तसं. "एकदा निघून गेलं ते गेलं."

"मग पुढचे?"

"पुढचे सगळे मी बसवलेले. दर आठवड्याला सात-आठ. आठवडाभर दुसरा उद्योगच नाही मला. सोपं नाही बाई ते. खऱ्या व्हॉल्व्हला काही विचार लागत नाही, तो असतोच. खोट्याला वाहिनी त्याच रस्त्याने जायला हवी, फेरे व्यासाला धरून हवेत. ती हुशार आहे, लगेच पकडेल. आणि एवढ्या जागा आणायच्या कुठून? मग म्हटलं, आपण तिच्यासाठी जिथे जिथे उभे राहिलो होतो तिथे बसवू. त्या जागा माझ्या पक्क्या आहेत. तिथली पावलंही खरी आहेत, मोजून बघा हवं तर. नुसता व्हॉल्व्ह तेवढा नाही." ते थांबले, त्यांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. "कामगारांनी खणलं म्हणे. ती चिडली होती. तिचं बरोबर आहे. चाळीस वर्षं नोकरी केली मी, एक खोटी नोंद केली नाही. आणि आता म्हातारपणी पोटच्या पोरीच्या नकाशात पंचाहत्तर खोट्या नोंदी. तुम्ही खात्यातल्या आहात. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. तिच्यावर येऊ देऊ नका."

मी म्हटलं, "त्या नोंदी गेल्या. यंत्रातून पुसल्या गेल्या. खऱ्या त्रेचाळीस तेवढ्या राहिल्यात."

हे मी का सांगितलं? त्यांना धीर द्यायला सांगितलं असावं. खात्याच्या दृष्टीने आज काहीच गेलं नव्हतं. जे हवं होतं ते सगळं समुद्रातून सुखरूप परत आलं होतं, नकाशा उद्या वेबवर जाऊ शकत होता, कुणाला कधी कळलंही नसतं. गेलं होतं ते फक्त माझं. जगात दुसऱ्या कुणाच्याही कामाचं नाही असं, आणि मी त्याला व्यास विचारत बसले होते. बाबांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही येईल म्हणून मी बघत होते. तसं काही आलं नाही. त्यांचे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

"सगळ्या गेल्या?"

"सगळ्या."

"अरेरे," बाबा म्हणाले. "तिने किती मेहनतीने लिहिल्या होत्या."

मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. मी वही उघडली, पहिलं पान हाताने सपाट केलं. मला म्हणायचं होतं, बाबा, मी आहे. शाळेच्या दाराशी तुम्ही चावी भिंतीला टेकवून ठेवायचात आणि पुढे काय? पण ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसे अदबीने बघत होते, आणि मला कळलं की ते जे सांगतायत ते परक्या बाईलाच सांगता येतं. मी असते तर त्यांनी मला आणखी एक व्हॉल्व्ह सांगितला असता, मग आणखी एक, फेऱ्यांसकट.

"एक निरोप द्याल तिला?" त्यांनी विचारलं. "म्हणावं, नोंदी गेल्या तर जाऊ देत. बाबांकडे अजून थोडे राहिलेत. मला हल्ली विसरायला होतं, जागाही संपत आल्यात, पण मी जुळवतो काहीतरी."

"किती राहिलेत म्हणून सांगू?"

बाबांनी विचार केला. बोटांवर काहीतरी मोजायला गेले, मध्येच सोडून दिलं.

"ते तिच्यावर आहे," ते म्हणाले. "तिच्याकडे किती रविवार आहेत, तेवढं विचारून या."

"विचारून सांगते," मी म्हणाले.